मास्तरांचा डावा खांदा: रोबोटवर तिसऱ्या दिवशी काय चुकलं आणि पुढे काय केलं

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गोव्यातच काम करते, गेली अकरा वर्षं जास्त करून स्ट्रोकचे पेशंट बघते. ही केस सविस्तर लिहायचं कारण म्हणजे हल्ली दर दोन दिवसांनी कोणीतरी नातेवाईक विचारतोच, "मॅडम, रोबोट लावला तर हात लवकर येईल ना?" रोबोट म्हणजे लुळ्या हाताकडून हालचालींचा सराव करून घेणारं मशीन, आणि या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, खांद्याच्या बाबतीत तर अजिबातच नाही. पेशंटला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. गावात त्यांना सगळे मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणते.

मास्तर ६१ वर्षांचे, सत्तरी तालुक्यातले, मराठी प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झालेले. उजव्या हाताचे. बारा वर्षांपासून डायबिटीस, बीपीची गोळी चालू पण मधेमधे चुकायची. जानेवारीच्या शेवटी एका पहाटे उठले तर डावा हात आणि डावा पाय उचलेना. झोपेत झालेला स्ट्रोक, म्हणजे नक्की कधी सुरू झाला ते कोणालाच सांगता येईना, आणि रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे ते मिळालं नाही. नऊ दिवसांनी घरी सोडलं. पाय बऱ्यापैकी लवकर आला, तीन आठवड्यांत काठी घेऊन अंगणात फिरायला लागले. हात मात्र लटकलेलाच.

आमच्याकडे आले तेव्हा सातवा आठवडा चालू होता आणि तक्रार हात उचलत नाही ही नव्हतीच, तक्रार होती खांदा दुखतो. रात्री झोप नाही, कूस बदलली की जीव जातो, शर्ट घालताना काकींना म्हणायचे राहू दे, नको घालू. काकी म्हणजे त्यांची बायको, सगळ्या व्हिजिटना बरोबर, आणि या केसमधलं अर्धं काम त्यांनीच केलंय हे आधीच सांगून ठेवते.

मी विचारलं घरी काय काय केलंत ते सगळं सांगा, काही चुकलं असेल तरी सांगा. तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, त्यांना खाटेवरून उठवताना मुलगा आणि पुतण्या दोन्ही काखांत हात घालून वर ओढायचे. दुसरी, कोणीतरी सांगितलं म्हणून विहिरीचा जुना रहाट सोप्यातल्या वाशाला बांधून त्यावरून दोरी सोडली होती, चांगल्या हाताने ओढायचं म्हणजे लुळा हात वर जातो, रोज सकाळ-संध्याकाळ पन्नास वेळा. मास्तर माणूस शिस्तीचा, एक दिवस चुकवला नाही. तीन आठवडे केलं आणि खांदा दुखायला लागला तो वाढतच गेला.

यात घरच्यांना दोष देण्यासारखं काही नाही, हॉस्पिटलमधून निघताना हात कसा धरायचा हे त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं. पण ही कप्पी गोव्यात घरोघरी बघते म्हणून सांगते, १९९० मध्ये अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला होता, २८ स्ट्रोक पेशंटचा, तीन गट केले होते. थेरपिस्टने हाताने हलवलेल्या गटात ८ टक्के लोकांचा खांदा दुखायला लागला, चाकाच्या फळीवर हात सरकवणाऱ्यांत १२ टक्के, आणि डोक्यावरच्या कप्पीने ओढणाऱ्यांत ६२ टक्के. अभ्यास लहान आहे हे मान्य, पण मला रोज जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो.

खांदा असा का दुखतो

हे समजल्याशिवाय पुढचं रोबोटचं काहीच समजणार नाही म्हणून जरा थांबून सांगते. खांदा म्हणजे एकटा गोळा आणि खोबण नाही. पाठीवर ते पात्यासारखं चपटं हाड असतं ना, स्कॅप्युला, खोबण त्याच हाडाला असते, म्हणजे हात वर करताना गोळा तर फिरतोच पण खोबणसुद्धा पाठीवरून सरकत फिरत वर बघायला लागते. हात सरळ कानापर्यंत नेला की एकूण १८० अंश, त्यातले साधारण १२० गोळा-खोबणीतले आणि ६० त्या पात्याचे. हे दोनास एक प्रमाण १९४४ मध्ये इनमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडलं, आणि आजही आम्ही शिकताना तेच शिकतो. पातं फिरलंच नाही आणि हात तसाच वर ओढला तर दंडाच्या हाडाचं डोकं वरच्या छपराला, म्हणजे खांद्याच्या टोकाच्या हाडाला जाऊन घासतं आणि मधले स्नायूबंध चिरडले जातात. स्ट्रोकमध्ये पात्याला फिरवणारे स्नायू झोपलेले असतात आणि हात आत वळवणारे, छातीचे आणि पात्याच्या आतल्या बाजूचे, कडक व्हायला लागतात. अशा खांद्याला कप्पीने रोज शंभर वेळा वर ओढलं तर काय होणार.

मास्तरांची पहिल्या दिवसाची तपासणी अशी. खांद्याच्या टोकाखाली एक बोट मावेल एवढी फट, म्हणजे सांधा थोडा खाली उतरलेला. मी हात पुढून वर नेला तर ९५ अंशांपर्यंत, पुढे ओरडले. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर वळवला तर फक्त १० अंश, चांगल्या बाजूला ६५ होते. स्वतःहून हात पुढून ४५ पर्यंत, तोही खांदा कानाकडे उचलून. हातासाठीची फुगल-मेयर टेस्ट, म्हणजे स्ट्रोकनंतर हाताची हालचाल किती परत आली ते गुणांत मोजणारी, ६६ पैकी २४. दुखणं हलवताना १० पैकी ७. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी ८.६.

बाहेर वळणं इतकं कमी झालेलं बघितल्यावर माझ्या डोक्यात दोन गोष्टी आल्या. एक तर आत वळवणारा स्नायू ताठ झालाय, किंवा सांध्याचं आवरणच आकसलंय, म्हणजे ज्याला लोक फ्रोजन शोल्डर म्हणतात ते, आणि डायबिटीसवाल्यांना ते इतरांपेक्षा बरंच जास्त होतं. दोन्ही असू शकतं, आणि इथे दोन्हीच होतं असं मला आजही वाटतं. पंजाला सूज, लाली किंवा गरमपणा यातलं काहीच नव्हतं, म्हणून हात आणि खांदा मिळून बिघडतो तो जो त्रासदायक प्रकार असतो त्याची शक्यता कमी धरली. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली, वरचा स्नायूबंध सुजलेला होता, फाटलेला नव्हता. त्यांनी सांध्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन दिलं. डायबिटीस असला की त्यानंतर काही दिवस साखर चढते हे आधी समजावून सांगितलं होतं, काकींनी पाच दिवस रोज बोट टोचून वहीत लिहिलं, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी २३४ आली, पाचव्या दिवशी १५० वर उतरली. दुखणं दहा दिवसांत ७ वरून ४ वर आलं.

रोबोट कशाला

आता प्रश्न असा की दुखणं कमी झाल्यावर हात परत शिकवायचा कसा. मेंदूला हालचाल परत शिकवायला हवी असते पुनरावृत्ती, पुष्कळ. आणि इथे आम्ही माणसं कमी पडतो, हे मोकळेपणाने सांगायला हवं. २००९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ३१२ थेरपी सेशन बसून मोजली होती, त्यात एका सेशनमध्ये हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. फक्त ३२. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला काही शे लागतात. माझ्या हातात एका पेशंटमागे पाऊण तास, त्यात दहा मिनिटं कपडे आणि बीपी, माझा स्वतःचा खांदा दुपारपर्यंत थकलेला, कुठून होणार काही शे?

यंत्र इथे कामाला येतं. मोटामोटी दोन प्रकार. एक म्हणजे टेबलावरची मूठ पेशंटने धरायची आणि यंत्र ती मूठ हलवणार, याचं सगळ्यात जुनं नाव एमआयटी-मॅनस, अमेरिकेत एमआयटीमध्ये होगन आणि क्रेब्स यांनी केलेलं. दुसरा प्रकार एक्सोस्केलेटन, म्हणजे पेशंटच्या हाताला समांतर एक यांत्रिक हातच, दंडाला आणि कोपराच्या खाली पट्टा, प्रत्येक सांध्यापाशी मोटर आणि सेन्सर. झुरिकच्या ईटीएच या तंत्रज्ञान विद्यापीठात रीनर आणि नेफ यांच्या टीमने असा आर्मिन नावाचा रोबोट केला, पुढे त्याच्यावरून बाजारातलं मशीन आलं. चांगलं यंत्र हाताचं वजन उचलून धरतं आणि जेवढी गरज तेवढीच मदत करतं, पेशंट जोर लावतोय असं कळलं की स्वतः मागे सरतं. नुसतं यंत्राने हलवून घेण्यात फारसा अर्थ नाही, पेशंटने प्रयत्न केला पाहिजे, ही त्यातली मुख्य गोष्ट.

आमच्या भागात एका खाजगी सेंटरमध्ये दुसऱ्या प्रकारचं मशीन होतं, मी तिथे आठवड्यातून तीन दिवस जायचे. मास्तरांना तिथे घ्यायचं ठरलं. सत्तरीतल्या वाळपईहून पणजीकडे ४५ ते ५० किलोमीटर, कदंबाची बस, मग पुढे रिक्षा, येऊन-जाऊन अख्खा दिवस. मुलगा म्हणाला कर्ज काढीन पण करू. मी म्हटलं कर्ज नको, आठ आठवडे ठरवू, चार आठवड्यांनी मोजू, फरक नसला तर थांबवू. हे आधीच ठरवून लिहून दिलं होतं आणि मला वाटतं प्रत्येक घराला असं लिहून द्यायला हवं.

तिसरं सेशन

पहिली दोन सेशन छान गेली. स्क्रीनवर झाडावरची फळं तोडून टोपलीत टाकायची, मास्तर खूष, म्हणाले "बाय, हे शाळेत असतं तर पोरं घरी गेलीच नसती". दुसऱ्या दिवशी १६० वेळा, तिसऱ्या दिवशी २१०. स्क्रीनवर हाताची उंची ९२ अंश दाखवत होती, पहिल्या दिवसापेक्षा जास्त. मी रिपोर्ट प्रिंट करून काकींच्या हातात दिला. त्याच रात्री साडेदहाला मुलाचा फोन, बाबांना खांदा सहन होत नाहीये, परत सात-आठ. सकाळपर्यंत गोळी घेऊन बसून काढली रात्र.

मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून घेतलं, मशीनला परत बसवलं, पण या वेळी मी स्क्रीनसमोर उभी नव्हते, त्यांच्या मागे गेले. शर्ट वर केला आणि डाव्या पात्याच्या खालच्या टोकावर अंगठा ठेवला, उजव्या पात्यावर दुसरा. आधी उजवा हात त्यांना स्वतः वर करायला सांगितला. हात साठच्या पुढे गेला की ते टोक अंगठ्याखालून सरकत काखेच्या दिशेने निघून गेलं, अगदी स्पष्ट. मग मशीनला सगळ्यात कमी वेगावर डावा हात वर न्यायला लावला. तीस, चाळीस, पन्नास, अंगठा जागच्या जागी. साठ, अजून तिथेच. सत्तरच्या आसपास अख्खं पातं एकदम वर कानाकडे उचललं गेलं, फिरलं नाहीच, नुसतं उचललं गेलं, मानेच्या बाजूचा स्नायू दगडासारखा झाला, आणि मास्तर कमरेतून उजवीकडे कलले. स्क्रीनवर ९० आलं. मी तिथेच थांबवून गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावला, अंग आणि दंड यांच्यातला खरा कोन ६८ होता. बाकीचे बावीस अंश त्यांनी अंग कलवून भरून काढले होते.

मशीन खोटं बोलत नव्हतं, ते स्वतःच्या सांध्याचा कोन मोजत होतं. मास्तरांचं अंग कुठे कललंय आणि पातं फिरतंय का हे त्याला मोजताच येत नव्हतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. खुर्चीत बसून पंधरा-वीस मिनिटं झाली की ते हळूहळू खाली घसरत होते, स्ट्रोकनंतर धड धरून बसायची ताकद कमी असते. पहिल्या मिनिटाला मी मशीनचा खांदा आणि त्यांचा खांदा बरोबर समोरासमोर लावलेला, विसाव्या मिनिटाला त्यांचा खांदा दोन बोटं खाली गेलेला. मशीनचा अक्ष तिथेच. म्हणजे दोन वर्तुळं वेगवेगळ्या केंद्रांभोवती फिरायला लागली, आणि त्या फरकाची ओढ कुठेतरी जाणारच, ती सांध्यात गेली, दोनशे वेळा. शिवाय हात वर जाताना निरोगी माणसाच्या सांध्याचं केंद्रसुद्धा पात्याबरोबर वर सरकत असतं, एका जागी राहत नाही, म्हणून तर आर्मिन बनवणाऱ्यांनी पुढच्या मॉडेलमध्ये हात उचलला की मशीनचा खांद्याचा भागही वर सरकेल अशी सोय केली. कोपराला किंवा मनगटाला हा प्रश्न एवढा मोठा नसतो. खांदा एका खिळ्यावर फिरत नाही, आणि मी त्याला तसं फिरवलं. चूक माझी होती, सेटिंग रोज तपासायचं काम माझं होतं, आणि हे मी मास्तरांना आणि मुलाला त्याच दिवशी तसंच सांगितलं. मुलगा गप्प बसला. मास्तर म्हणाले, "बाय, गणित चुकलं तर पाटी पुसायची, पाटी फोडायची नाही." तेवढ्यावर पुढे गेलो.

पाटी पुसून

मशीन अडीच आठवडे बंद. या काळात जे केलं ते दिसायला अगदी साधं. मास्तरांना उजव्या कुशीवर झोपवायचं, डावा हात उशीवर, मी एक तळवा पात्याच्या खालच्या टोकाखाली आणि दुसरा खांद्यावर ठेवून पातं हळूहळू वर-बाहेर फिरवायची, आणि त्यांना म्हणायचं आता तुम्ही मला मदत करा, ढकला. सुरुवातीला काहीच नाही. सहाव्या-सातव्या दिवशी तळव्याखाली एक बारीक थरथर लागली, मग दुसऱ्या दिवशी थरथरीचा धक्का झाला. मला विचाराल तर ही केस फिरली ती तिथे. कोपर अंगाला लावून हात बाहेर वळवून सावकाश ताणायचं, ९० च्या वर हात न्यायचाच नाही, पातं फिरायला लागेपर्यंत.

घरी काकींना तीन गोष्टी. उठवताना काखेत हात घालायचा नाही, पात्याखाली हात घालून कमरेला धरून उठवायचं. झोपताना डाव्या हाताखाली उशी, हात थोडा अंगापासून दूर आणि तळवा वर राहील असा. आणि टेबलावर टॉवेल ठेवून त्यावर दोन्ही हात एकमेकांत गुंतवून पुढे सरकवायचे, छाती टेबलाला लागेपर्यंत, दिवसातून चार वेळा दहा-दहा. रहाट परत विहिरीवर गेला. काकींनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर प्रत्येक दिवशी चार रेघा मारायला सुरुवात केली, आणि प्रत्येक व्हिजिटला ते पान घेऊन यायच्या, मला त्यातून कळायचं की एकादशीला दोनच झाल्या आणि पाहुणे आले तेव्हा एकच.

मग मशीन परत सुरू केलं, पण वेगळ्या अटींवर. छातीला आणि कमरेला पट्टा, पाठीमागे फोमचा तुकडा म्हणजे घसरणार नाहीत. त्यांच्या खांद्याच्या टोकावर पेनाने खूण, मशीनच्या अक्षावर चिकटपट्टीची खूण, दर दहा मिनिटांनी थांबून दोन्ही जुळतात का बघायचं, नाही जुळल्या तर परत लावायचं. हालचालीची मर्यादा आधी ३० ते ७५ अंश, पातं माझ्या अंगठ्याखालून सरकतंय असं चार सेशन सलग दिसल्यावरच दहा अंशांनी वाढवायची. हाताच्या वजनाचा आधार सुरुवातीला ७० टक्के, शेवटी ३० पर्यंत खाली आणला. दुखणं ३ च्या वर गेलं की तिथेच थांबायचं, आकडा कितीही चांगला असो. पहिली दहा मिनिटं मी मागे उभी, हात पाठीवर. स्क्रीन मास्तर बघायचे, मी पाठ बघायचे.

सेशनमध्ये आकडे आधीपेक्षा कमी झाले, १२०, १३०, मग जूनमध्ये २५० च्या पुढे. पण आता २५० म्हणजे खरे २५०.

जूनमध्ये पाऊस लागला आणि दोन आठवडे धड येता आलं नाही, एकदा बस वाटेत अडकली, एकदा सकाळीच फोन केला येत नाही म्हणून. गोव्यात पावसाळ्यात दूरच्या पेशंटचं वेळापत्रक आखताना हे धरूनच चालायला हवं, मी धरलं नव्हतं, आठ आठवड्यांचे दहा झाले. जूनच्या अखेरीला मशीन थांबवलं आणि आठवड्यातून एकदा मी तपासायचं आणि बाकी घरी, असं केलं.

काय मिळालं, आणि कशामुळे

मोजमापं अशी. जूनच्या अखेरीला हात बाहेर वळवणं १० वरून ४० अंश. मी नेला तर पुढून ९५ वरून १४०. स्वतःहून ४५ वरून १०५, अंग न कलवता, मी मागे उभी राहून मोजलेलं. फुगल-मेयर २४ होती, मशीन परत सुरू करताना २७, जूनच्या अखेरीला ३८, ऑगस्टमध्ये ४१. या टेस्टमध्ये ५ गुणांच्या आसपास वाढ झाली की पेशंटला फरक जाणवतो असं धरतात. दुखणं २, रात्रीची झोप लागते. सांध्याखालची फट अर्ध्या बोटावर आली. एचबीएवनसी ७.४, ते डॉक्टरांचं आणि काकींच्या स्वयंपाकघराचं काम.

आता हे सगळं रोबोटने केलं का? नाही म्हणता येत आणि हो पण म्हणता येत नाही. पहिल्या सहा महिन्यांत स्ट्रोकचे पेशंट आपोआपही सुधारतात. इंजेक्शन दिलं, साखर उतरली, घरी काकींनी रोज चार रेघा मारल्या, कप्पी बंद केली. एका पेशंटवरून यातला वाटा कोणाचा किती हे कोणीच सांगू शकत नाही, आणि सेंटरच्या भिंतीवर मास्तरांचा फोटो लावायचा विषय निघाला तेव्हा मी ठाम नको म्हटलं.

मोठे अभ्यास काय सांगतात ते नातेवाइकांना मी सरळ सांगते. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये रॅटल्स नावाची मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, ७७० पेशंट, एका गटाला रोबोट, दुसऱ्याला तेवढाच वेळ माणसाने दिलेली जादा थेरपी, तिसऱ्याला नेहमीचीच. रोबोटवाल्यांच्या हाताचं रोजच्या वापरातलं काम नेहमीच्या थेरपीपेक्षा काही खास सुधारलं नाही. हालचालीत थोडा फरक पडला, पण तो भांडं उचलणं, बटण लावणं यात उतरला नाही. उलट कॉक्रेन, म्हणजे वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २०१८ च्या आढाव्यात ४५ चाचण्या आणि १६१९ पेशंट एकत्र केले तर यंत्राने हाताचं काम आणि ताकद सुधारते असं दिसलं. दोन्ही खरं असू शकतं, कारण पेशंट वेगळे, मशीन वेगळी, तुलना कशाशी केली ते वेगळं. म्हणून मी कोणालाही रोबोटसाठी दागिने गहाण ठेवू देत नाही. जवळ असेल, परवडत असेल, खांदा दुखत नसेल आणि पातं फिरत असेल तर जरूर घ्या, त्याने पुनरावृत्ती मिळते जी मी हाताने देऊ शकत नाही. खांदा दुखत असेल तर आधी दुखणं, आधी पातं. आणि जिथे जाल तिथे विचारा की मशीन चालू असताना पाठीमागे कोण उभं राहणार आहे. उत्तर कोणी नाही असं आलं तर मी माझ्या वडिलांना तिथे बसवणार नाही.

मास्तरांना पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, हात बरा झाला तर सगळ्यात आधी काय करायचंय. ते लगेच म्हणाले होते, चवथीची माटोळी. त्यांच्या घरी गणपतीच्या वरची माटोळी गेली तीस वर्षं तेच बांधतात, रानात जाऊन कवंडळं आणायची, आंबाडे, चिबूड, सुपारीचं शिपटं, नारळाची पेंड, म्हणजे सुपारीचा आणि नारळाचा घड, सगळं लाकडी चौकटीला दोन हात वर करून बांधायचं. मी फाइलवर ध्येय म्हणून तेच लिहिलं होतं, अंशांत नाही.

ऑगस्टमध्ये तालीम घेतली. डोक्यावर बांधणं जमणार नव्हतं, १०५ अंशांत ते बसत नाही, आणि बळजबरी करायची नव्हती. म्हणून पुतण्याने चौकट दोरीने खाली सोडून छातीच्या उंचीवर आणली, सगळं बांधून झाल्यावर वर ओढून घ्यायची. सेंटरमध्ये आम्ही काठीला पिशव्या बांधून सराव केला, डाव्या हाताने पिशवी धरून ठेवायची आणि उजव्याने गाठ मारायची, आधी अर्धा किलो, मग एक.

चवथीच्या आदल्या दिवशी मला मुलाने व्हिडिओ पाठवला. मास्तर स्टुलावर बसलेले, समोर चौकट, डाव्या मुठीत सुपारीचं शिपटं धरलंय, मूठ जरा थरथरतेय पण खांदा कानाकडे गेलेला नाही, मी ते तीनदा थांबवून बघितलं. उजव्या हाताने सुंभाची गाठ मारली. मागून काकींचा आवाज, "पाठ सरळ, पाठ सरळ."

नारळाची पेंड पुतण्याने बांधली, ती डाव्या हाताला अजून जड जाते. सात दिवस गणपती होता, घरी माणसं, व्यायाम झालाच नाही, कालनिर्णयवर त्या आठवड्यात एकही रेघ नाही. त्यानंतरच्या सोमवारी आले तेव्हा बाहेर वळणं ४० वरून ३४ वर आलं होतं. कुशीवर झोपवलं आणि तळवा पात्याखाली ठेवला.